सहल दिल्लीची, वावडं दाण्याचं

सुट्टी लागायला महिनाभर उरला की घराघरांत बेत सुरू होतात. दिल्लीचा बेत ठरला तर आईवडिलांच्या यादीत लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट असतं, मुलांच्या यादीत मात्र पाळणे, झुकझुक गाडी आणि पाण्यातल्या घसरगुंड्या. या बाबतीत दिल्लीची परंपरा जुनी आहे. १९८२ च्या आशियाई खेळांचा लाडका हत्ती अप्पू, त्याच्या नावाने १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानावर अप्पू घर सुरू झालं. मुंबईच्या मुलांना एस्सेलवर्ल्ड मिळायला त्यानंतर पाच वर्षं लागली. अप्पू घर फेब्रुवारी २००८ मध्ये बंद झालं, पण तोवर राजधानीच्या आसपास नवी करमणूक उद्यानं उभी राहत होतीच. नोएडात सेक्टर १८ मेट्रो स्थानकाजवळ वर्ल्ड्स ऑफ वंडर, रोहिणीत रिठाल्याच्या बाजूला ॲडव्हेंचर आयलंड, आणि हरियाणात झज्जर, मानेसर, सोहना या पट्ट्यात खेड्याचा देखावा उभा करून दिवसभर खाऊपिऊ आणि खेळू घालणारी रिसॉर्टं.

खोपोलीच्या इमॅजिकाला लागूनच हॉटेल आहे, म्हणजे झोपायचं, जेवायचं आणि खेळायचं एकाच आवारात. दिल्ली परिसरात बहुतेक कुटुंबं राहतात एकीकडे, खेळायला जातात दुसरीकडे. ज्यांच्या घरी सगळे सगळं खातात त्यांना या फरकाचं काही वाटत नाही. पण मुलाला शेंगदाणा, काजू, दूध, अंडं किंवा गहू सोसत नसेल, तर सहलीच्या बेतातला पहिला प्रश्न तिकिटांचा नसतो. तो दिवसभर खाणार काय, आणि ते आपल्याला उद्यानात नेऊ देतील का, हा असतो.

वावडं म्हणजे पथ्य नव्हे

मराठीत ॲलर्जीला फार सुरेख शब्द आहे, वावडं. "त्याला दाण्याचं वावडं आहे" असं आजी सहज म्हणून जायची. पंचाईत अशी की ऐकणारा वावडं आणि पथ्य यांत फरक करत नाही. पथ्य एखाद्या दिवशी मोडलं तर दुसऱ्या दिवशी सांभाळून घेता येतं. मधुमेही काकांनी लग्नात एक जिलबी खाल्ली तर काकू डोळे वटारतात, एवढंच. खऱ्या ॲलर्जीत मात्र शरीराची संरक्षण यंत्रणा त्या पदार्थालाच शत्रू समजते आणि चमच्याला लागलेलं कूटही पुरेसं होतं. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलट्या होतात. प्रकरण वाढलं तर घसा दाटतो, श्वास लागतो, रक्तदाब खाली येतो. बहुतेक वेळा हे काही मिनिटांत ते दोन तासांत घडतं.

दूध न पचणं ही वेगळी गोष्ट. त्यात पोट दुखतं, गुबारा धरतो, पण जिवाला धोका नसतो. तिसरा प्रकार सीलिएकचा. गहू, जव यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की आतड्याचं अस्तर झिजत जातं. तिथे लगेच धावपळ होत नाही, नुकसान मात्र होतंच, आणि "आज एक दिवस चालेल" हे तिथेही खरं नाही.

आपल्याकडे हे सगळं आता आलं, पूर्वी नव्हतं, असं म्हणणारे प्रत्येक घरात भेटतात. पूर्वी ओळखलं जात नव्हतं, हे अधिक खरं असावं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी दिल्ली परिसरातल्या लोकवस्तीत केलेल्या पाहणीत सीलिएकचं प्रमाण दर ९६ माणसांत एक इतकं आढळलं. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात उत्तरेत शंभरात एकाहून थोडं जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असं चित्र दिसलं. याचा एक फायदा प्रवाशाला होतो. दिल्लीच्या बऱ्या हॉटेलांत "ग्लूटेन" हा शब्द उच्चारला तर समोरचा चमकत नाही. "शेंगदाण्याची ॲलर्जी" म्हटलं तर मात्र अजूनही चमकतो.

फाटकावर डबा अडतो

करमणूक उद्यानांचा सर्वसाधारण नियम असा की बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. पिशव्या फाटकावर तपासल्या जातात. नियमामागचं कारण उघड आहे, आतले स्टॉल चालले पाहिजेत. पण ज्या मुलाला आतलं काहीच खात्रीने खाता येत नाही त्याचा डबा हा खाऊ नसतो, औषध असतं. आणि सकाळी अकरा वाजता, मागे दोनशे माणसांची रांग, मूल पाळण्यांकडे बघून हात ओढतंय, अशा वेळी हे सुरक्षारक्षकाला पटवून देणं ज्यांना जमतं त्यांना नमस्कार. तो बिचारा पगारी माणूस, अपवाद करण्याचा अधिकार त्याला दिलेलाच नसतो.

कायदा काय म्हणतो? थेट करमणूक उद्यानांविषयी नव्हे, पण चित्रपटगृहांविषयीचा एक निकाल माहीत असलेला बरा. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये चित्रपटगृहांना बाहेरचे पदार्थ अडवण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी तो आदेश रद्द केला. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे, अटी घालण्याचा मालकाला हक्क आहे, मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळासाठी पालकांनी आणलेलं माफक अन्न अडवू नये, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे बाळाची सोय झाली. ॲलर्जी असलेल्या आठ वर्षांच्या मुलाचं नाव त्यात नाही. माझ्या मते ते असायला हवं होतं, पण नाही ते नाही. म्हणून फाटकावर हक्काची भाषा फार लांब जात नाही. आधी मागून घेतलेली लेखी परवानगी मात्र जाते.

त्यासाठी निघण्याआधी आठ-दहा दिवस उद्यानाच्या कार्यालयाला पत्र किंवा ईमेल पाठवावा. मुलाचं वय, कशाची ॲलर्जी, सोबत नेणार ते पदार्थ आणि औषधं, भेटीची तारीख, इतकंच. जोडीला डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. उत्तर आलं की त्यावर उत्तर देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा आहे ना, हे पाहून त्याची प्रत कागदावर छापून घ्यावी. मोबाइलची बॅटरी नेमकी फाटकावर संपते. उत्तर आलं नाही तर फोन करावा, आणि फोनवर "आ जाइए, देख लेंगे" एवढंच मिळालं तर ती परवानगी समजू नये. पैसे भरण्याआधी हे झालेलं बरं, कारण तिकिटाचे पैसे परत मिळणं ही दुसरीच कथा आहे.

डबा मुलापुरताच ठेवावा. सगळ्या कुटुंबाच्या दशम्या, चटण्या आणि चिवड्याच्या बरण्या निघाल्या तर औषधाचं कारण कोणालाच पटणार नाही. मोठ्यांनी आतलं जेवावं, हवं तर थोडं महाग पडलं असं म्हणावं.

दाणा, दाना आणि मगज

महाराष्ट्रातल्या आईला शेंगदाणा कुठे कुठे लपतो ते पाठ असतं. भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, आमटीत, चिक्कीत. दिल्लीत हे पाठांतर अपुरं पडतं. तिथे कूट जवळजवळ नाहीच, पण त्याची जागा काजूने घेतलेली आहे. शाही पनीर, मलई कोफ्ता, बटर चिकन यांच्या दाट रश्श्यात काजूची पेस्ट सर्रास असते. काजू महाग म्हणून अनेक स्वयंपाकघरांत तिच्यात खरबुजाच्या बिया वाटून घालतात. त्यांना तिथे मगज म्हणतात. "काजू आहे का?" असं विचारलं आणि "नाही" असं खरं उत्तर आलं, तरी रश्श्यात मगज किंवा खसखस असू शकते. काळ्या डाळीच्या माखनीत लोणी आणि साय असतेच.

शब्दांचाही घोटाळा होतो. आपण "दाणे" म्हणतो ते शेंगदाणे, पण दिल्लीच्या वेटरला "दाना" म्हणजे कोणतीही बी किंवा धान्याचा कण. "इसमें दाना मत डालना" असं सांगितलं तर तो मान हलवेल, समजणार काहीच नाही. मूंगफली हाच शब्द वापरावा. आपलं "कूट" आणि तिकडचं "कुट्टू" यांचा परस्परांशी संबंध नाही. कुट्टू हे उपासाचं पीठ, ज्याला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात. नावात व्हीट असलं तरी त्यात गहू नसतो. रवा म्हणजे सूजी, कणीक म्हणजे आटा, वरईचे तांदूळ म्हणजे समा के चावल, शिंगाडा तोच पण त्याचा ह सांभाळायचा, सिंघाड़ा. तीळ मात्र दोन्हीकडे तीळच.

आणखी एक युक्ती उपयोगी पडते. विचारताना "यात अमुक आहे का?" असं विचारू नये, "यात काय काय घातलं आहे?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला गिऱ्हाइकाला खूश करणारं उत्तर येतं. दुसऱ्यासाठी माणसाला आचाऱ्याकडे जावं लागतं. हिंदीत एक कार्ड लिहून दोन-चार प्रती जवळ ठेवाव्यात: "बच्चे को मूंगफली और काजू से गंभीर एलर्जी है। थोड़ी मात्रा से भी जान को ख़तरा है। कृपया अलग कड़ाही, अलग तेल और धुला हुआ चम्मच इस्तेमाल करें।" हे कार्ड वेटरच्या हाती न राहता आचाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

दिल्लीच्या रस्त्यावरच्या आणि उद्यानातल्या खाण्याबद्दल थोडं. छोले-भटुऱ्यांत मैदा आणि हरभरा दोन्ही. हरभऱ्याची ॲलर्जी हा परदेशी पुस्तकांत फारसा न भेटणारा, पण आपल्याकडचा खास विषय आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. सोया चाप दिसतो मांसासारखा, असतो सोयाबीन आणि मैद्याचा, वर साय किंवा दही. आलू टिक्की बटाट्याची खरी, पण ती बांधून राहावी म्हणून पावाचा चुरा किंवा मैदा घातलेला असू शकतो. मोमो मैद्याचेच. चाऊमीनमधल्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. इडली-डोसा गव्हापासून सुरक्षित वाटतो, मात्र सांबारातला हिंग तपासावा, कारण बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. सीलिएकचं मूल असलेल्या कित्येक घरांना हे पहिल्यांदा ऐकताना धक्का बसतो. पांढऱ्या चटणीत नारळासोबत शेंगदाणा किंवा डाळं वाटलेलं असतंच. कुल्फी-फालुद्याविषयी काय बोलावं! साधा आग्र्याचा पेठा म्हणजे कोहळा आणि साखर, पण तो काजूकतलीच्या शेजारच्या ताटातून त्याच चिमट्याने उचललेला असेल तर त्या साधेपणाचा उपयोग नाही.

तळलेल्या पदार्थांचा नियम एकच ठेवावा. एका कढईत दिवसभर काय काय उतरतं हे आपल्याला कळू शकत नाही, तेव्हा स्टॉलवरचे बटाट्याचे फ्राइज नकोत.

नवरात्रात दिल्लीला जाणाऱ्या सीलिएकच्या रुग्णाची मात्र थोडी चैन असते. त्या नऊ दिवसांत हॉटेलांत व्रताची थाळी मिळते. कुट्टूच्या किंवा शिंगाड्याच्या पुऱ्या, समाचे तांदूळ, बटाटा, सगळं गव्हाविना. मात्र सुटं कुट्टूचं पीठ घेऊ नये. २०११ च्या एप्रिलमध्ये कुट्टूच्या पिठाचे पदार्थ खाऊन दिल्लीत शेकडो माणसं आजारी पडली होती. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना ही थाळी बिलकूल नको, कारण उपास उत्तरेचा असो की आपला, त्यात मूंगफली आलीच.

हिरवा ठिपका काय सांगतो, काय नाही

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होणारे बरेच असतात. तो फक्त शाकाहार सांगतो. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्याचा खरा उपयोग आहे, कारण आपल्या नियमांत अंडं मांसाहारात मोजलं जातं आणि अंडं असलेल्या पाकिटावर हिरवी खूण येत नाही. दूध, काजू, शेंगदाणा यांबद्दल तो ठिपका काहीच बोलत नाही.

ते सांगण्यासाठी २०२० चे लेबलिंगचे नियम आहेत. त्यांप्रमाणे पाकिटावर ॲलर्जी करणारे घटक वेगळे लिहावे लागतात: ग्लूटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा आणि कवचाची फळं म्हणजे काजू-बदाम वगैरे, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढे सल्फाइट. ज्या खाद्यगृहांकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांना पदार्थपत्रिकेवर उष्मांकांबरोबर ॲलर्जीची माहितीही द्यावी लागते. ही तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. तेव्हा उद्यानात किंवा शेजारच्या मॉलमध्ये एखाद्या मोठ्या साखळीचं दुकान असेल तर तिथे ही माहिती मागावी. ती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. एकट्या दुकट्या स्टॉलवर ही सक्ती नाही.

या यादीत दोन उणिवा आपल्याला जाणवतील. तीळ नाही आणि मोहरी नाही. युरोपच्या यादीत दोन्ही आहेत, अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला नववं स्थान दिलं. ब्रिटनमधल्या एका शाळकरी मुलीचा २०१६ साली सँडविचच्या पावातल्या तिळामुळे जीव गेला, कारण पाकिटावर तीळ लिहिलेलेच नव्हते. तिच्या नावाने ओळखला जाणारा नताशाचा कायदा ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. आपल्याकडे घटकांच्या यादीत तीळ लिहिलेले असतील, पण ठळक इशाऱ्यात शोधून ते सापडणार नाहीत. पूर्ण यादी वाचायची सवय हवी. आणि दिल्लीत मोहरीच्या तेलावर स्वयंपाक करणारी घरं व ढाबे खूप, हेही ज्यांना लागू आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

बुफेतला चमचा

हरियाणाच्या खेडेगावी थाटाच्या रिसॉर्टमध्ये तिकिटातच दिवसभराचं खाणं असतं. चुलीवरची बाजरीची भाकरी, मक्याची रोटी, साग, लस्सी, जिलबी. गहू वर्ज्य असलेल्याला बाजरी आणि मका पाहून हायसं वाटतं. पण त्याच परातीत आधी गव्हाची कणीक मळली होती का, भाकरी थापताना वर कोरडं पीठ कसलं लावलं, मक्यात चिकटपणासाठी आटा मिसळला का, हे चुलीपाशी बसलेल्या बाईंना विचारल्याशिवाय कळत नाही. बाई सांगतात मात्र खरं. मॅनेजरपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

बुफेची खरी भीती पदार्थांची नाही, चमच्यांची आहे. शाही पनीरमधला डाव कोणीतरी साध्या भातात ठेवून जातो. म्हणून पहिल्या पंक्तीला, भांडी नुकती उघडली असताना मुलाचं पान वाढून घ्यावं, किंवा आचाऱ्याला सांगून आतून वेगळं मागवावं. साधा भात, उकडलेले बटाटे, फळं, समोर सोललेलं केळं. पंचपक्वान्नांच्या टेबलापुढे मुलाला हे नकोसं वाटतं, आणि तेही साहजिक आहे. एक उपाय अनेक घरांत चालतो. आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाने त्या दिवशी मुलासारखंच जेवायचं. मुलाला भाताचं दुःख नसतं, एकट्याच्या भाताचं असतं.

मोठं नाव आहे म्हणून निर्धास्त व्हावं का? अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत ॲलर्जीसाठी वेगळ्या पदार्थपत्रिका मिळतात आणि अशी कुटुंबं त्याच भरवशावर तिथे जातात. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडात डिस्नेच्याच आवारातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवल्यानंतर एका महिलेचा ॲलर्जीने मृत्यू झाला. दूध आणि कवचाची फळं चालत नाहीत हे वेटरला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, असं तिच्या पतीने दाव्यात म्हटलं. रेस्टॉरंट दुसऱ्या कंपनीचं होतं. डिस्नेने आधी असा पवित्रा घेतला की पतीने पूर्वी त्यांच्या चित्रवाहिनीची चाचणी वर्गणी घेताना लवादाची अट मान्य केली होती, सबब त्याला न्यायालयात जाता येणार नाही. त्यावर गदारोळ झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने तो मुद्दा सोडला. यातून आपल्यापुरतं घ्यायचं ते एवढंच की फाटकावर एकाचं नाव असतं आणि स्वयंपाकघर दुसऱ्याचं असू शकतं. आपल्याकडेही उद्यानातले स्टॉल ठेक्याने दिलेले असू शकतात. तेव्हा उद्यानाच्या कार्यालयाने दिलेला शब्द त्या स्टॉलवाल्याच्या कानावर गेला आहे का, ते त्या स्टॉलवरच विचारावं.

औषध लॉकरमध्ये नको

गंभीर ॲलर्जीवर पहिलं औषध एकच, ॲड्रिनलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. खाज थांबवणाऱ्या गोळ्या घरोघरी असतात, पण त्या घसा मोकळा करत नाहीत, आणि गोळी देऊन वाट बघण्यात मोलाचा वेळ जातो. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन सहज मिळतं. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, त्यामुळे बरेच डॉक्टर पालकांना ॲम्प्यूल, सिरिंज आणि मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून देतात व टोचायचं कसं ते शिकवतात. सहलीच्या आधी हे शिक्षण उजळून घ्यावं, मुदत संपण्याची तारीख पाहावी, आणि एक नव्हे, दोन मात्रा जवळ ठेवाव्यात. मेट्रोत आणि उद्यानात तपासणी होते, म्हणून सुईसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

पाण्याच्या उद्यानात सगळं सामान लॉकरमध्ये टाकून किल्ली मनगटाला बांधायची पद्धत आहे. लॉकर आणि लाटांचा तलाव यांत पाच-सात मिनिटांचं अंतर सहज पडतं. औषधाची पिशवी लॉकरमध्ये ठेवली तर ती नसल्यासारखीच. घरातल्या एका मोठ्या माणसाने त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, पिशवी घेऊन सावलीत बसायचं. पाळी बदलत राहिली तर कोणाचीच सहल बुडत नाही. पिशवी उन्हात किंवा उभ्या गाडीत ठेवू नये, उष्णतेने औषधाचा गुण उतरतो.

दिल्लीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत तिथली हवा फार वाईट असते. ॲलर्जीच्या मुलांपैकी अनेकांना दमाही असतो, आणि दमा आटोक्यात नसताना खाण्याची ॲलर्जी झाली तर ती जास्त गंभीर ठरू शकते. पळापळ, दमणूक, नुकतंच येऊन गेलेलं तापाचं दुखणं, यांमुळेही एरवी सोसलेली लहानशी मात्रा त्या दिवशी सोसत नाही. तेव्हा निघण्याआधी दम्याचं औषध डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा आरंभ मिळाला तर उत्तम. शाळेच्या सुट्ट्या तेव्हा नसतात, हे खरं.

घसा दाटला, आवाज बसला, सारख्या उलट्या झाल्या किंवा भोवळ आली तर आधी इंजेक्शन, मग फोन. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावं, पण उभं करून चालवत फाटकापर्यंत नेऊ नये. ११२ हा क्रमांक दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम तिन्हीकडे चालतो. राजधानीचा परिसर म्हणजे एक शहर नव्हे. रोहिणी दिल्लीत, नोएडा उत्तर प्रदेशात, झज्जर हरियाणात. तुमचं हॉटेल करोलबागेत असलं तरी रुग्णालय उद्यानाजवळचं हवं. ते कुठलं, तिथे मुलांचा तातडीचा विभाग रात्री चालू असतो का, हे आदल्या दिवशी फोनने विचारून कागदावर लिहून ठेवावं. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

मावशीच्या घरी

दिल्लीत नात्यातलं कोणी राहत असेल तर एक जेवण तिथे होतंच, आणि खरी परीक्षा बहुधा तिथेच असते. वेटरला नाही म्हणणं सोपं, मावशीला कठीण. तिने सकाळपासून खपून गाजराचा हलवा केलेला असतो. "अगं, एवढंसं खाऊन काय होतंय? मी काजू वरून काढून टाकते," असं ती म्हणते. तिच्या मनात माया असते, म्हणूनच तो प्रसंग अवघड. तिथे वाद घालण्यापेक्षा आठवडाभर आधी फोन करून कामाचीच विनंती करावी: "मावशी, त्याच्यासाठी तू एकच कर, मुगाची खिचडी. नव्या पातेल्यात, साजूक तुपावर, हिंगाशिवाय." मावशीला काहीतरी करायला मिळालं की हलव्याचा आग्रह आपोआप कमी होतो. तूपही चालत नसेल, म्हणजे दुधाची ॲलर्जी असेल, तर तेल. हे स्पष्ट सांगावं, कारण आपल्याकडे तुपाला दूध समजत नाहीत.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतः विचारायला शिकवावं. दिल्लीतल्या भावंडांनी पुढे केलेलं चॉकलेट "आधी पाकीट बघू" म्हणून हातात घेणारं मूल आईबापांच्या नजरेआडही सांभाळून राहतं. त्याची थट्टा होऊ नये एवढं मात्र मोठ्यांनी पाहावं.

जाण्यायेण्याचं सांगायचं तर राजधानी एक्स्प्रेसचं तिकीट काढतानाच जेवण नको हा पर्याय निवडता येतो. दोन वेळांच्या दशम्या, गूळ, भाजके पोहे एवढ्यावर मुंबई ते दिल्ली निभतं. विमानात विशेष जेवण आधी नोंदवता येतं, पण शेजारच्या प्रवाशाने खारे काजू फोडले तर काय, यासाठी आसन आणि पुढची घडीची फळी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नुसता हातावर चोळायचा सॅनिटायझर शेंगदाण्याचा अंश काढत नाही, साबण आणि पाणीच लागतं.

परतताना दिल्लीहून शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी गजक आणि रेवडी आणायची पद्धत आहे, विशेषतः थंडीत. दोन्हीत तीळ, गजकात पुष्कळदा शेंगदाणेही. ती पाकिटं मोठ्या बॅगेत तळाशी, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवावीत. मुलाच्या डब्याची पिशवी वेगळी, वरच्या बर्थवर, आईच्या उशाशी.